सरवा

काही चित्रांच्या कपाळी 'शांत' हे विशेषण कायमचे लिहिलेले असते. कुणाच्या बैठकीत, बँकेच्या कॅलेंडरवर किंवा दवाखान्याच्या भिंतीवर असे चित्र टांगलेले दिसते. आपण त्याच्याकडे अर्धा मिनिट पाहतो, "किती शांत वाटतं, नाही?" असे शेजारच्याला म्हणतो आणि आपला नंबर आला का ते बघतो. कापणी झालेले शेत, कलते ऊन, दूरवर धान्याच्या गंजी आणि वाकून काहीतरी करणाऱ्या बाया. शहरातल्या माणसाला शांत वाटायला एवढे साहित्य पुरते. गावाकडचे जिणे म्हणजे निवांतपणा, ही आपली एक लाडकी समजूत आहे, आणि ती बहुधा गाव सोडून आल्यानंतरच पक्की होते.

अशाच एका शांत म्हणून नावाजलेल्या चित्रासमोर या दिवाळीत वाचकांना जरा वेळ थांबवून ठेवावे, असा माझा बेत आहे. चित्र झाँ-फ्रान्स्वा मिले या फ्रेंच चित्रकाराचे. साल १८५७. इंग्रजीतून ते 'ग्लीनर्स' या नावाने जगभर गेले. मराठीत त्याला नाव शोधण्याचा खटाटोप करावा लागत नाही, कारण आपल्याकडे त्यासाठी नेमका शब्द आहे. कापणी करून पीक उचलल्यावर शेतात ज्या चुकार ओंब्या, कणसे, दाणे पडून राहतात, त्याला 'सरवा' म्हणतात. तेव्हा हे चित्र 'सरवा वेचणाऱ्या' बायांचे. या शब्दाकडे मी पुढे येणारच आहे. आधी चित्र पाहू.

ते फार मोठे नाही. पावणेतीन फूट उंच आणि साडेतीन फुटांहून थोडे अधिक रुंद. पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयाच्या मालकीचे आहे. समोर गव्हाचे कापलेले रान, त्यात नुसती धसकटे उरलेली. त्या रानात तीन बाया. डावीकडचीच्या डोक्याला निळा रुमाल आहे. एक हात तिने पाठीवर घेतला आहे, दुसरा जमिनीकडे गेला आहे. मधलीचा रुमाल लाल. तीही तशीच वाकलेली, बोटे मातीपर्यंत पोचलेली. उजवीकडची थोडी वर आली आहे, पण सरळ उभी राहिलेली नाही. हातातल्या ओंब्यांची जुडी ती सारखी करते आहे. तिघींनी कमरेचे वस्त्र दुमडून त्याची ओटी केली आहे, आणि त्या ओटीत दिवसभराची कमाई आहे. तोंडे जवळजवळ दिसत नाहीत. सुंदर, कुरूप, तरुण, म्हातारी असे काही ठरवायला चित्रकाराने आपल्याला जागाच ठेवलेली नाही. त्याने दाखवल्या आहेत त्या पाठी.

आता नजर मागे न्या. मागे सगळा बरकतीचा देखावा आहे. आभाळाला टेकलेल्या गंजी, पेंढ्यांनी भरलेली गाडी, धावपळ करणारी मजूर मंडळी, आणि उजव्या अंगाला घोड्यावर बसलेला एक बारीकसा माणूस. हा मालकाचा मुकादम. सोनेरी ऊन त्या गंजींवर आहे. बाया मात्र अर्ध्या सावलीत आहेत. दूरच्या गंजी आणि जवळच्या ओट्या यांच्यामध्ये जे रिकामे रान पसरले आहे, तेच खरे या चित्राचे कथानक आहे. पीक कुणाचे आणि उरलेसुरले कुणाचे, हे त्या अंतरात लिहिलेले आहे. आणखी एक गोष्ट पाहा. क्षितिजाची रेषा मिलेने वरच्या बाजूला ठेवली आहे. दोघी तिच्या खालीच राहतात, तिसरी जेमतेम तिथवर पोचते. आभाळ त्यांच्या वाट्याला आलेले नाही.

हे सारे ज्याने रंगवले, त्याला शेत खिडकीतून दिसले नव्हते. मिलेचा जन्म १८१४ सालचा, नॉर्मंडीच्या समुद्रकाठच्या ग्रुशी नावाच्या खेड्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. गावच्या धर्मगुरूंच्या कृपेने तो लॅटिन शिकला, आणि घरच्या शेतात राबलाही. शेरबुर शहरात चित्रकलेचे धडे घेऊन १८३७ मध्ये तो पॅरिसला गेला. १८४९ मध्ये पॅरिस सोडून तो बायकोमुलांसह बार्बिझों या गावी राहायला आला आणि मरेपर्यंत तिथलाच झाला. एका बाजूला फाँतेनब्लोचे जंगल, दुसऱ्या बाजूला शायीचे सपाट मैदान. नऊ मुलांचा संसार, आणि पैशाची ओढाताण पाचवीला पुजलेली. सरवा वेचणाऱ्या बायांचा विषय जवळजवळ दहा वर्षे त्याच्या मनात घोळत होता. त्याने रेखाटने केली, उभ्या आकाराचे एक चित्र केले, धातूच्या पत्र्यावर कोरून छापही काढला, आणि मग हे चित्र १८५७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात ठेवले.

आता गंमत बघा. जे चित्र पाहून आपल्याला शांत वाटते, ते पाहून तेव्हाचे पॅरिस अस्वस्थ झाले. एका टीकाकाराला या बायांच्या पाठीमागे, क्षितिजावर, १७९३ सालच्या क्रांतीतले भाले आणि वधस्तंभ दिसू लागले. पोल द सँ-व्हिक्तोर याने त्यांना दारिद्र्याच्या तीन भाग्यदेवता ठरवून टाकले. बिचाऱ्या तीन बाया मान खाली घालून दाणे वेचताहेत, त्यांच्या हातात विळासुद्धा नाही. आणि शहरातली शहाणीसुरती माणसे त्यांना घाबरताहेत!

पण भीतीला कारण होते. १८४८ ची क्रांती होऊन जेमतेम नऊ वर्षे लोटली होती. त्या क्रांतीने फ्रान्समधल्या सगळ्या प्रौढ पुरुषांना मताचा अधिकार दिला होता. खेड्यातला माणूस हा देशाच्या कारभारात मोजावा लागणारा माणूस आहे, हे पॅरिसच्या ध्यानात आले होते. शेतकरी चित्रात यायला कुणाची हरकत नव्हती. त्याने झाडाखाली बासरी वाजवावी, शेळ्या राखाव्यात, सणाला नाचावे. देवादिकांना आणि राजांना जी भारदस्त मांडणी द्यायची, ती गावातल्या सर्वांत गरीब बायांना द्यावी, हे मात्र लोकांना सोसले नाही.

आणि त्या गावातल्या सर्वांत गरीब होत्या, यात शंका नाही. सरवा वेचायला कुणी हौसेने जात नाही. ज्यांना शेत नाही, ज्यांना कापणीचे काम झेपत नाही किंवा मिळत नाही, त्यांचे हे काम. मात्र फ्रान्समध्ये सरवा ही मालकाच्या लहरीवर सोडलेली भीक नव्हती. १५५४ सालच्या एका राजाज्ञेनेच म्हाताऱ्या, अपंग आणि दुबळ्या लोकांना तो वेचण्याची मोकळीक दिली होती. पुढे १८१० च्या दंडसंहितेत त्याची बंधने लिहिली गेली. पीक पुरते उचलून शेत रिकामे झाल्याशिवाय आत शिरायचे नाही. सूर्य उगवण्यापूर्वी वेचायचे नाही, आणि सूर्य मावळल्यावरही नाही. मोडले तर दंड.

हे कळले की चित्र एकदम बदलते. मघाशी ज्या कलत्या उन्हाने आपल्याला शांत वाटले होते, ते ऊन म्हणजे घड्याळ आहे. दिवस मावळला की त्या बायांचा हक्क त्या दिवसापुरता संपला. तोवर जेवढे ओटीत पडेल तेवढे घरी जाईल. म्हणून तिघींपैकी एकही बोलत नाही, एकही कंबर सरळ करीत नाही. चित्रात शांतता आहे हे खरे. पण ती निवांतपणाची नाही. बोलण्यात वेळ दवडणे परवडत नाही, अशा माणसांची ती शांतता आहे.

ज्यांना हे अंमळ ताणलेले वाटेल, त्यांनी एक साधा प्रयोग करावा. मूठभर गहू अंगणात किंवा गच्चीवर विस्कटून टाकावेत आणि गुडघे न टेकता, कमरेत वाकून, एकेक दाणा वेचावा. पाच मिनिटांत डावीकडच्या बाईने एक हात पाठीवर का घेतला आहे ते समजेल. घरच्या गृहिणींना हा प्रयोग सांगावा लागणार नाही. सांडलेले तांदूळ त्यांनी आयुष्यभर वेचले आहेत.

याच विषयावरचे दुसरे एक चित्र मिलेच्या चित्रानंतर दोनच वर्षांनी, १८५९ मध्ये, झूल ब्रेतों याने पॅरिसमध्ये मांडले. तेही आता ऑर्सेच्याच संग्रहात आहे. त्यातही सरवा वेचणाऱ्या बाया आहेत, त्यातही दिवस मावळला आहे, आकाशात चंद्राची कोर आली आहे. शेताचा राखणदार तोंडाशी हात धरून ओरडतो आहे: चला, वेळ संपली! म्हणजे आपले घड्याळ इथे उघडउघड वाजते आहे. पण ब्रेतोंच्या बाया उभ्या आहेत. अनवाणी खऱ्या, पण मान ताठ, पेंढी अशी घेतलेली की जणू देवीची मिरवणूक निघाली आहे. हे चित्र लोकांना आवडले, आणि राजघराण्याने ते विकत घेतले. विषय तोच, माणसे तीच, गरिबीही तीच. फरक एवढाच, की ब्रेतोंने काम संपल्यानंतरचा क्षण घेतला आणि मिलेने काम चालू असतानाचा. कष्ट संपवून घरी निघालेला गरीब पाहणाऱ्याला सुंदर वाटतो. कष्ट चालू असलेला गरीब पाहणाऱ्याकडे काहीतरी मागतो, निदान तसे पाहणाऱ्याला वाटते.

मिलेला मात्र काही मागायचे नव्हते. आपल्यावर चिकटवलेला समाजवादी हा शिक्का त्याने कधी मान्य केला नाही. आपण जन्माने शेतकरी आहोत आणि जे पाहिले तेच रंगवतो, एवढेच त्याचे म्हणणे असे. त्याची मुळे जुन्या ग्रंथांत होती. १८५३ मध्ये त्याने कापणीनंतर विसावलेल्या मजुरांचे मोठे चित्र मांडले, त्याला आधार होता बायबलातल्या रूथच्या कथेचा. रूथ ही परक्या देशातून आलेली विधवा. सासूला सांभाळण्यासाठी ती बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते. शेताचे कानेकोपरे झाडून कापू नका, पडलेले वेचून नेऊ नका, ते गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या, असा यहुद्यांच्या धर्मशास्त्राचा दंडकच होता. मराठी बायबलात ही कथा आली तेव्हा भाषांतरकारांना शब्दासाठी अडावे लागले नाही. त्यांनी 'सरवा' लिहिले, आणि मराठी वाचकाला ते समजले.

आपल्या परंपरेलाही ही गोष्ट नवी नव्हती. शेतात पडलेले दाणे वेचून त्यावर गुजराण करणे याला संस्कृतात उंछवृत्ती म्हणतात, आणि ती हलकी मानलेली नाही. उलट तपस्व्याची मानली आहे. महाभारताच्या अश्वमेधपर्वातला मुंगूस वाचकांना आठवत असेल. युधिष्ठिराच्या यज्ञात तो येतो, त्याचे अर्धे अंग सोन्याचे असते. कुरुक्षेत्रातल्या एका कुटुंबाने दाणे वेचून केलेले सातूचे पीठ स्वतः उपाशी राहून अतिथीला दिले, त्या पिठात लोळून हे अर्धे अंग सोन्याचे झाले. उरलेले अर्धे राजाच्या एवढ्या मोठ्या यज्ञातही सोन्याचे होईना! वेचलेल्या दाण्याची किंमत याहून मोठी कोण लावणार?

आता त्या शब्दाकडे येतो. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची दुसरी आवृत्ती मुंबईत निघाली तीही १८५७ सालीच, म्हणजे मिलेच्या चित्राच्याच वर्षी. आणि त्या कोशात 'सरवा' आहे. मी मराठी शिकवतो, त्यामुळे वर्गात अधूनमधून असे शब्द टाकून पाहण्याची खोड मला आहे. मागे एकदा विचारले, "सरवा म्हणजे काय रे?" एकाने सराव म्हटले. दुसऱ्याने पदार्थ असावा असा अंदाज केला. वर्ग हसला. शेवटच्या बाकाजवळ बसणारी, सहसा न बोलणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, कापणी झाल्यावर रानात राहतं ते. माझी आजी जायची वेचायला."

'माझी आजी जायची' म्हणताना तिचा आवाज खाली आला. वर्ग गप्प झाला होता. मी म्हटले, "बरोबर. आणखी काय सांगायची आजी?" ती क्षणभर थांबली. मग जरा मोठ्याने म्हणाली, "आजी म्हणायची, हे मागून आणलेलं नाही, वेचून आणलंय."

त्या तासाला मी पुढे काय शिकवले ते मला आठवत नाही. पण मिलेच्या चित्रावर मी जेवढे वाचले आहे, त्यात या एका वाक्याइतके नेमके मला काही सापडलेले नाही. मागणे आणि वेचणे या दोन क्रियापदांत माणसाची सगळी अब्रू साठवलेली आहे. मागणाऱ्याची मान वर असते, कारण त्याला देणाऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. वेचणाऱ्याची मान खाली असते, कारण त्याला कुणाच्या तोंडाकडे पाहायचे नसते. त्या तिघींची मान मिलेने खाली ठेवली, ती दीनपणाने नव्हे. मागे घोड्यावर बसलेला मुकादम आहे, पण एकीनेही त्याच्याकडे पाहिलेले नाही. तसे पाहण्याची त्यांना गरजच नाही.

चित्राचे पुढे काय झाले, तेही ऐकण्यासारखे आहे. मिलेला त्याचे तीन हजार फ्रँक मिळाले. १८७५ मध्ये तो वारला. १८८९ मध्ये हेच चित्र लिलावात निघाले तेव्हा बोली तीन लाख फ्रँकांवर गेली. ते घेतले पोमेरी या प्रसिद्ध शँपेन-घराण्याच्या मालकीणबाईंनी, आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या इच्छेप्रमाणे ते लूव्र संग्रहालयाला, म्हणजे राष्ट्राला मिळाले. १९८६ मध्ये ऑर्से संग्रहालय उघडले, तेव्हापासून ते तिथले आहे. ज्या बायांच्या ओटीत जेमतेम घरापुरती भाकरी होती, त्यांच्या चित्राची किंमत बत्तीस वर्षांत शंभरपट झाली. पिकाच्या गंजी कुणाच्या आणि सरवा कुणाचा, हा हिशेब चित्रकाराच्या घरीही चुकला नाही.

विकत न घेता हे चित्र मनात बाळगणारेही पुष्कळ झाले. मिलेच्या चित्रांचे छाप पाहूनच व्हॅन गॉग शेतकरी काढायला शिकला, आणि आयुष्याच्या अखेरीस, १८८९–९० मध्ये, सँ-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना त्याने मिलेच्या चित्रांवरून वीसच्या वर चित्रे रंगवली. २००० साली आन्येस व्हार्दा या फ्रेंच दिग्दर्शिकेने सरवा वेचणाऱ्यांवर एक माहितीपट काढला. तिला जे दिसले ते शेतापुरते नव्हते. आकाराने बरे नाहीत म्हणून ओतून दिलेल्या बटाट्यांच्या राशी, बाजार उठल्यावर रस्त्यावर पडलेली भाजी, आणि ती वेचणारी माणसे. वाकणे तेच होते, फक्त रान बदलले होते.

रान आपल्याही दाराशी आले आहे. पुण्यात १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्यांनी आपली संघटना उभारली, तिचे नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. तिच्या सभासदांत बाया अधिक. त्यांचे म्हणणे साधे होते: आम्ही भिकारी नाही, चोर नाही, आम्ही काम करतो, आम्हाला कामगार म्हणा. पुढे त्यांच्या ओळखपत्रांना महापालिकेची मान्यता मिळाली. 'कचरावेचक' हा शब्द वर्तमानपत्रांतून रुळला. मला मराठीचा शिक्षक म्हणून यात एक समाधान वाटते. सरवा हा शब्द शहराने टाकून दिला, पण त्याच्याबरोबरचे क्रियापद या बायांनी उचलून घेतले.

दिवाळीच्या आधी घरोघर झाडलोट होते. जुनी वर्तमानपत्रे, रिकाम्या बाटल्या, मोडके डबे दाराबाहेर जातात. सकाळी कुणी बाई ते वेगळे करायला वाकते. आपण चहा पीत असतो, आणि गॅलरीतून सकाळ मोठी शांत दिसते. तेव्हा तिच्याशी दोन शब्द बोलावेत, काचेचे तुकडे वेगळे बांधून द्यावेत, सणाचे चार लाडू द्यायचे तर ते शेजारणीला देतो तसे ताटलीत घालून, रुमालाने झाकून द्यावेत. आणि तिने घाई केली, बोलायला थांबली नाही, तर मनाला लावून घेऊ नये. गाडी निघून जाण्याआधी तिला आपली ओटी भरायची असते.